स्लोव्हेनियाचा पाहुणा आणि माझ्या अहवालाचं शेपूट

संपादकांचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की यांना माझा नंबर कुणी दिला? ते कौतुकानं म्हणाले, "तुमच्या नोकरीतले अनुभव लिहा, वाचकांना आवडतील." मी विचारलं, "वाचकांना म्हणजे नक्की कुणाला?" ते हसले. मला वाटलं, हा माणूस हसून उत्तर टाळतोय. मग मी त्यांच्या अंकाची चौकशी केली, मागचे दोन दिवाळी अंक मिळवून चाळले, त्यात वावगं काही सापडलं नाही, तेव्हा कुठे होकार कळवला. बायको म्हणते, मुलीसाठी स्थळ बघतानाही तुम्ही एवढी चौकशी केली नव्हती. ते खरं नाही. तिथे जास्त केली होती.

तेहतीस वर्षं पोलीस खात्यात काढली, त्यातली बावीस गोपनीय शाखेत. गोपनीय म्हटलं की लोकांना सिनेमातला हेर आठवतो. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातला गोपनीय अंमलदार म्हणजे साध्या कपड्यातला, अर्ध्या बाहीच्या शर्टातला, खिशात दोन पेनं असलेला आणि कुठल्याही कार्यक्रमात सगळ्यात मागे उभा असलेला माणूस. गावातल्या शेंबड्या पोराला सुद्धा तो कोण आहे ते ठाऊक असतं. तरी तो आपण अनोळखी असल्यासारखा चेहरा करून उभा राहतो आणि गावही त्याला न ओळखल्यासारखं करतं. हा दोन्ही बाजूंचा समजूतदारपणा असतो.

काम काय? मोर्चा, उपोषण, सभा, जयंतीची मिरवणूक, जे काही असेल तिथे जायचं. कोण बोललं, काय बोललं, मंचावर कोण होतं, कोण रुसून खाली बसलं, लोक किती होते, हे सगळं लिहून जिल्ह्याला पाठवायचं. पासपोर्टच्या चौकशा करायच्या. बाहेरचा माणूस गावात आला तर तो कशाला आला हे शोधायचं. लोक मोजण्याचीही रीत असते. डोकी मोजत बसायचं नाही, सतरंज्या मोजायच्या. एका सतरंजीवर पुढे बसणारे दाटीनं बसतात, मागचे ऐसपैस. बायका बसल्या की एका सतरंजीवर जास्त माणसं मावतात. हे गणित मला इतकं पाठ झालं आहे की लग्नात गेलो तरी जेवायच्या आधी मी मांडव मोजून घेतो.

मोठ्या पक्षांच्या सभांना साहेब लोक स्वतः जात. तिथे नजरेत भरायची संधी असते. किरकोळ पक्ष मात्र माझ्याकडे. एकदा धामणगाव बढ्याच्या बाजारात अशाच एका पक्षाचा उमेदवार ऑटोवर भोंगा लावून बोलत होता. भाषण संपल्यावर तो घाम पुसत थेट माझ्याकडे आला. "जमादार, खरं सांगा, लोक किती होते? माहे कार्यकर्ते दोनशे म्हणून राह्यले." मी वही दाखवली. एकोणीस. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होता. मग म्हणाला, "त्यात तुमाले धरलं का?" मी म्हटलं, "नाही. मी अन् होमगार्ड वेगळे." तर म्हणतो, "मंग एकवीस लिवा ना साहेब. शेवटपर्यंत ऐकलं तुम्ही. बाकीचे तर भजी खाऊन निघून गेले." मी एकवीस लिहिले. नोकरीत मी केलेली ही एकमेव अफरातफर, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

आता अहवालाच्या शेपटाविषयी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे घडलं. मला ज्यांनी हे काम शिकवलं ते म्हणायचे, "काहीच नाही असं कधी लिहायचं नाही. उद्या काही झालं तर तुझी मान जाते. काहीतरी आहे असं लिहिलं आणि काही झालं नाही, तर कुणी विचारायला येत नाही." म्हणून प्रत्येक अहवाल 'कार्यक्रम शांततेत पार पडला' इथे थांबत नाही. पुढे एक शेपूट असतं, 'तरी लक्ष ठेवण्यात येत आहे.' कोण लक्ष ठेवतो आहे? कुणी नाही. अहवाल टाकून आम्ही घरी जातो. पण ते वाक्य नसलेला अहवाल मी बावीस वर्षांत पाहिलेला नाही. एक पथ्य मात्र सगळे पाळत. शेपटात माणसाचं नाव घालायचं नाही. नाव घातलं की ते नोंदीला लागतं. मग त्या माणसानं पासपोर्ट मागो, सरकारी नोकरीसाठी पडताळणी येवो, ते वाक्य वर येतं. आणि एकानं लिहिलेलं खोडायची हिंमत दुसऱ्याला होत नाही, कारण खोडलं आणि उद्या काही झालं, तर मान त्याची.

मी तेव्हा चिखली तालुक्याच्या बाजूला एका ठाण्यात होतो. एक दिवस अमडापूरचे तायडे गुरुजी ठाण्यात आले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, छातीला पेन. बौद्ध समाजातलं जुनं शिकलेलं घर. म्हणाले, "जमादार साहेब, आमच्या घरी परदेशातला पाहुना येऊन राह्यला. चार दिवस राह्यल. फारम भरून द्या लागते ना?"

नियम तसा आहे खरा. परदेशी माणूस घरी उतरला की एक फॉर्म भरून द्यावा लागतो. पण आमच्या भागात पाहुणा यायच्या आधी, आपणहून, हसतमुखानं येऊन हे सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. मला लगेच वाटलं, हा एवढा स्वतःहून का सांगतोय? लपवायचं काहीतरी वेगळंच असणार.

"कुठला पाहुणा?"

"स्लोव्हेनियाचा."

मी नाव लिहून घेतलं आणि ते गेल्यावर मोबाइलवर नकाशा काढला. इवलासा देश. आख्ख्या देशाची माणसं आपल्या बुलढाणा जिल्ह्यापेक्षा कमी. मी आणखी खोलात गेलो तर कळलं, पाहुणा पर्यटक तर आहेच, पण तिकडच्या एका पक्षाचा सरचिटणीस आहे! युरोपातल्या पक्षाचा सरचिटणीस अमडापुरात चार दिवस काय करणार? इथे ना विमानतळ, ना रेल्वे, ना हॉटेल. मला तेव्हा वाटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी खरं हाताला लागलं आहे. हे कबूल करायला लाज वाटते, पण मला आनंद झाला होता.

खुलासा गुरुजींच्या मुलीनं केला. सुजाता तिचं नाव. राज्यशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि विषय निवडला होता लहान देशांतले लहान पक्ष. मी विचारलं, "आपल्याकडे लहान पक्ष कमी आहेत का? माझ्याकडं यादी आहे." ती म्हणाली, "काका, आपल्याकडचे लहान पक्ष मोठं व्हायची वाट बघत असतात. हा पक्ष पंचवीस वर्षांपासून लहानच आहे आणि तरी चालू आहे. तो का चालू आहे, हे मला शोधायचं आहे." तिनं त्या पक्षाला इ-मेल केला होता. त्यांच्यावर त्यांच्या देशात कुणी चार ओळी लिहीत नव्हतं, आणि इथली एक मुलगी आख्खा ग्रंथ लिहायला निघालेली. सरचिटणीस अजिंठा बघायला येणारच होता, तर म्हणाला, त्या मुलीला भेटूनच जातो.

हा खुलासा मला पटला नाही. इतका साधा खुलासा खरा कसा असेल, असं वाटलं.

माणसाचं नाव यानेझ. गावानं पहिल्याच दिवशी त्याचं यानोजी करून टाकलं. सत्तरीचा, उंच, थोडा वाकलेला, आयुष्यभर जमिनीच्या मोजणीच्या खात्यात नोकरी केलेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुरुजींच्या अंगणात माणसं जमली. मी गेलो. गुरुजींनी आधीच सांगून टाकलं, "सभा नाही हो साहेब, लोक नुसते पाहाले आले." चार सतरंज्या होत्या. मी दाराजवळ कडुलिंबाला टेकून उभा राहिलो. माझ्या शेजारी नामदेवराव शेळके उभे होते. हे गुरुजींचे लहानपणचे मित्र. जातीनं कुणबी, पण दोघांची शेतं बांधाला बांध, शाळाही एकत्र. रोज संध्याकाळी एस.टी. थांब्याच्या बाकांवर दोघं समोरासमोर बसून अख्ख्या राज्याचा कारभार चालवायचे. मी माझ्या सवयीनं शेळक्यांना समोरच्या चहाच्या टपरीवर नेलं आणि गोष्टी काढल्या. त्यांनी एवढंच सांगितलं, "पोरगी लय हुशार हाये. मास्तरनं जीव लावून शिकवली." माझ्या उपयोगाचं त्यात काही नव्हतं.

परत आलो तेव्हा प्रश्नोत्तरं रंगात आली होती. सुजाता मधे बसून इकडचं तिकडे करत होती.

एकानं विचारलं, "तुमच्या पक्षाचे आमदार किती हायेत?"

"एकही नाही," यानोजी म्हणाला. "शंभरातली चार मतं मिळाली तर सभागृहात जागा मिळते. आम्हाला एक मिळतानाही धाप लागते."

"मंग पक्ष चालवून काऊन राह्यले बाप्पा?"

सुजातानं यानोजीचं उत्तर सांगितलं, "आमच्या खोऱ्यातली शाळा बंद झाली, पोस्ट बंद झालं, बस बंद झाली. मोठ्या पक्षांना त्यानं फरक पडत नाही. आम्हीही बंद झालो तर हे बंद झालं असं म्हणणारंही कुणी राहणार नाही."

शेळके मागून म्हणाले, "हे तं आपल्याच इकडचं सांगून राह्यला भाऊ."

कुणीतरी विचारलं, "तुमच्याइकडं पक्ष फुटते का?"

"फुटतो ना. एकदा अर्धा पक्ष फुटून गेला. नऊ जण."

लोक खूप हसले. शेळक्यांनी गुरुजींना हाक मारून म्हटलं, "मास्तर, आता तुह्या घरी गोरे येऊन राह्यले, आमाले कोन विचारते!" त्यावरही सगळे हसले, गुरुजीसुद्धा. मी सगळं लिहून घेत होतो. इथपर्यंत ठीक होतं.

मग यानोजी उठला. एक प्लास्टिकची खुर्ची हातात घेऊन माणसांमधून वाट काढत थेट माझ्यासमोर आला, खुर्ची ठेवली आणि काहीतरी बोलला. सुजाता अडखळली. मी म्हटलं, "सांग की. काय म्हणाले?"

"जाऊ द्या काका."

"नाही, सांग. जसंच्या तसं."

ती म्हणाली, "ते म्हणतात, त्यांच्याकडे पूर्वी एकाच पक्षाचं राज्य होतं. तेव्हा प्रत्येक बैठकीत मागे एक माणूस असाच उभा असायचा. बिचाऱ्याचे पाय दुखायचे. त्याला कुणी बस म्हणायचं नाही. तुम्ही बसून लिहा. काही ऐकायचं राहिलं असेल तर ते पुन्हा सांगतील."

सगळं अंगण हसलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आणि सुजाताही हसली. आता आठवलं तर त्या हसण्यात काही नव्हतं. म्हाताऱ्यानं मला मानानं खुर्ची दिली होती. पण त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की समजूतदारपणा मोडला. इतकी वर्षं मी अनोळखी असल्यासारखा उभा राहत होतो आणि या परक्या माणसानं मला भर अंगणात ओळखलं. मी खुर्चीवर बसलो नाही. गाडी काढली आणि निघालो. रस्ताभर डोक्यात एकच होतं, की याला कसं कळलं? कुणीतरी आधी सांगितलं असणार. हे लोक तयारीनं बसले असणार.

ठाण्यात येऊन अहवाल लिहिला. सगळं बरोबर लिहिलं. कार्यक्रम शांततेत पार पडला. आणि मग शेपूट. हात थांबला नाही. मी लिहिलं, 'सदर इसमास बोलावणारी कु. सुजाता तायडे, रा. अमडापूर, हिच्या परदेशी संपर्कावर लक्ष ठेवणे योग्य राहील.' लिहून झाल्यावर मला बरं वाटलं. नंतर चहा घेतला, सही केली आणि पाठवून दिला.

मुक्काम संपला तसा यानोजी अजिंठ्याला निघून गेला. काही महिन्यांनी माझी बदली मोताळ्याच्या बाजूला झाली आणि मी हे प्रकरण विसरलो.

वर्षभरानं एका दुपारी तायडे गुरुजी त्या ठाण्याच्या पायऱ्यांवर दिसले. तीन एस.टी. बदलून आले होते. मी त्यांना बाहेर चिंचेखाली नेऊन बसवलं. ते म्हणाले, "साहेब, सुजाताले तिकडच्या विद्यापीठानं एक वर्षासाठी बोलावलं. त्या पक्षाचे सगळे जुने कागद एका सुताराच्या माडीवर हायेत, थे पाहाले भेटनार होते तिले. पन पासपोर्ट अडकला. चौकशीले आलेला पोरगा चांगला होता, पन म्हनला, तुमच्या मुलीवर लक्ष ठेवून हायेत, मले काही करता येत नाही. मले सांगा, आमच्यावर नजर कशाची? मी चाळीस वर्षं पोरं शिकवली. आमच्या घरानं काय केलं?"

 त्यांच्याकडे बघावं लागू नये म्हणून मी चष्मा पुसू लागलो.

"कोनीतरी तुमच्या कानात सांगतलं असन," गुरुजी म्हणाले. "आमच्यासारख्याच्या घरी गोरा पाहुना आला की लोकाइच्या पोटात दुखते, हे मले माहीत हाये. तुम्ही त्या दिवशी नामदेवासंगं चहा पेत होते. मी पाह्यलं. थो नंतर म्हनलाही होता, आता आमाले कोन विचारते. नामदेवानं सांगतलं का?"

इथे मी काय म्हणायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. शेळक्यांनी त्या मुलीचं कौतुक केलं होतं, वाईट लिहिलं ते मी. पण माझ्या तोंडून आमच्या धंद्याचं वाक्य निघालं. ते आम्ही झोपेतही बोलू शकतो. मी म्हटलं, "गुरुजी, नाव सांगता येत नाही."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. "म्हंजे थोच," ते म्हणाले. मी नाही म्हटलं नाही. ते उठले, धोतराला लागलेली माती झटकली आणि म्हणाले, "बरं झालं सांगतलं. आता माणूस तरी कळला."

ते बसकडे चालत गेले तोवर मी तिथेच उभा होतो. मागून हाक मारली असती तर ते थांबले असते.

उपाय माझ्या हातात होता. वरिष्ठांना लेखी कळवायचं, की अमुक अहवालातलं अमुक वाक्य कोणत्याही माहितीच्या आधाराशिवाय लिहिलं होतं, ते विचारात घेऊ नये. अर्ध्या पानाचं काम. पण त्याच वेळी सहायक फौजदाराच्या बढतीची यादी निघायची होती आणि माझं नाव त्यात होतं. खोटं शेपूट लिहिलं असं स्वतःच्या सहीनं कबूल करणाऱ्या गोपनीय अंमलदाराला कोण बढती देईल? मी ठरवलं, यादी निघू दे, मग लिहू. यादी आज निघेल, उद्या निघेल असं करत चार महिने गेले. खांद्यावर तारा लागला त्या आठवड्यात मी ते अर्धं पान लिहिलं. त्यावर मला कुणी काही विचारलंही नाही. साहेबांनी वाचून नुसतं 'ठीक' म्हटलं. ज्याच्या भीतीनं चार महिने घालवले ते एवढंच होतं.

पासपोर्ट सुटला. पण विद्यापीठाची मुदत निघून गेली होती. त्यांनी ती जागा दुसऱ्या कुणाला दिली.

मागच्या वर्षी मी निवृत्त झालो. बुलढाण्यात घर आहे, सकाळी फिरायला जातो. तिथे एका कॉलेजच्या फाटकावर एकदा सुजाता दिसली. तासिका तत्त्वावर शिकवते. तिनंच ओळखलं, "काका, बरे आहात ना?" इतक्या साधेपणानं विचारलं, की मला वाटलं ही सगळं ओळखून आहे आणि मला खेळवते आहे. तसं काही नव्हतं. मी यानोजीचं विचारलं. ती म्हणाली, "गेले ते. पक्षही बंद झाला. त्या सुतारानं घर विकलं, तेव्हा माडीवरचे कागद नव्या मालकानं फेकून दिले. माझा प्रबंध झाला, पण त्यात मधलं एक प्रकरण अर्धवटच राहिलं. तेवढी पंधरा वर्षं नुसती फोनवर ऐकून लिहिली." मग घड्याळ बघून म्हणाली, "तास आहे काका," आणि आत गेली.

त्यानंतर महिनाभर मला चैन पडलं नाही. शेवटी एका रविवारी ती घरी असेल असा अंदाज बांधून अमडापूरला गेलो. गुरुजी ओसरीत पेपर वाचत होते. खूप थकले होते. मी पाणी प्यायच्या आधी सांगून टाकलं. ते वाक्य मी लिहिलं. कुणी काही सांगितलं नव्हतं. शेळक्यांनी तर चांगलंच सांगितलं होतं. खुर्ची दिल्याचा मला राग आला होता, म्हणून लिहिलं. आणि बढतीसाठी चार महिने गप्प बसलो.

सुजाता दारात उभी राहून ऐकत होती. ती रडली नाही, ओरडलीही नाही. म्हणाली, "काका, ते वाक्य जसंच्या तसं सांगा." मी सांगितलं. तिनं ते एका कागदावर लिहून घेतलं. "पुन्हा एकदा सांगा, हळू," म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. मला त्या कागदाचीसुद्धा भीती वाटली. हिला तो कशाला हवा, हे विचारावंसं वाटलं, पण विचारायचा अधिकार मला राहिला नव्हता.

गुरुजी उठले. चपला शोधू लागले. सुजाता म्हणाली, "बाबा, कुठं चालले?"

"नामदेवाकडं."

ते माझ्याकडे वळले. "तुम्ही चाला माह्यासंगं. मी एकटा गेलो तं थो म्हनन, आता नवीन काय काढलं."

वाटेत कळलं, की पाच वर्षं दोघं बोललेले नाहीत. एस.टी. थांब्याच्या त्याच बाकांवर रोज बसतात, पण तोंडं दुसरीकडे करून. शेळक्यांच्या मुलाच्या लग्नाला गुरुजी गेले नाहीत. गुरुजींच्या बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा शेळके गाडी घेऊन आले, तर गुरुजींनी गाडी परत पाठवली आणि दुसऱ्याची बघितली. कारण कधी सांगितलं नाही.

शेळके अंगणात बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. आम्हाला बघून त्यांचे हात थांबले. गुरुजी फाटकाशीच उभे राहिले. म्हणाले, "नामदेवा, माहं चुकलं. पोरीचा पासपोर्ट तू अडकवला, असं मले वाटलं होतं. थो तू नव्हता. आज कळलं."

शेळक्यांनी हातातली शेंग पाटीत टाकली आणि विचारलं, "कोनं सांगतलं?"

गुरुजींनी माझ्याकडे हात केला. "यायनं. यायनंच लिवलं होतं म्हनते."

शेळक्यांनी मला वरून खालपर्यंत बघून घेतलं आणि मग माझ्याकडे पुन्हा पाहिलंही नाही. ते गुरुजींशी बोलले, आणि आवाज अजिबात चढवला नाही.

"म्हंजे तेव्हा हा पोलीस चुप बसला, म्हून मी चोर. अन् आज हा बोलला, म्हून मी साव. पाच वर्षं मी तुह्यासमोर बाकावर बसून राह्यलो मास्तर. मले काऊन नाही इचारलं बे?"

 शेळके उठले, शेंगांची पाटी उचलली, आत गेले आणि दार लावून घेतलं. गुरुजी फाटकाला धरून उभे होते. थोड्या वेळानं मी म्हटलं, "चला गुरुजी." ते म्हणाले, "तुम्ही जा." मी निघालो. वळणावरून मागे पाहिलं तेव्हाही ते तिथेच उभे होते, आणि दार बंद होतं.